वहीतली दुसरी घडी

मी नंदुरबारच्या मुलींच्या शाळेत सात इयत्ता शिकले, हे मी आजवर इतक्या जणांना ऐकवलं आहे की घरातली माणसं आता ते वाक्य माझ्याआधी पुरं करतात. तरी पुन्हा सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या बाई निबंध तपासायच्या तेव्हा मजकूर नंतर बघायच्या, आधी डावीकडचा काठ बघायच्या. नवा परिच्छेद अंगठाभर जागा सोडूनच सुरू झाला पाहिजे. कुणी विसरलं की पाटीवर तोच परिच्छेद दहा वेळा. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "शोभा दिसते." कोऱ्या जागेला शोभेपलीकडे काही काम असतं, हे मला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

लग्न होऊन मी शहाद्याच्या अलीकडे तापीकाठच्या एका गावात आले. घरात सासरे, त्यांना सगळं गाव आबा म्हणे. सासूबाई. आणि आबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे चुलतसासरे. त्यांना आम्ही काका म्हणायचो. आबा आणि काका यांच्यात वीसेक वर्षांचं अंतर. काका चार महिन्यांचे असताना त्यांचे वडील प्लेगात गेले आणि पंधरा दिवसांनी आईही गेली. आबा तेव्हा एकोणीस वर्षांचे, सासूबाई सोळाच्या, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्या दोघांनी काकांना वाढवलं. त्यांच्या मागून सासूबाईंना झालेली मुलं काकांच्या पाठीवर बसूनच मोठी झाली, त्यात माझे यजमानही आले.

आबा गमत्या स्वभावाचे, तंबाखू मळता मळता समोरच्याची फिरकी घेणारे. काका त्यांच्या बरोबर उलट. दादर ज्वारीचं कणीस वाकडं आलं तरी कुणीतरी ते मुद्दाम वाकडं केलं आहे असं त्यांना वाटे. एवढ्या तेवढ्यावर भडकत आणि संध्याकाळी स्वतःच विसरून जात. अशा माणसाला चिडवण्यात जी मजा असते ती आबांनी तीस वर्षं लुटली होती. त्यासाठी त्यांना एक हक्काचं साधन मिळालेलं होतं, ते म्हणजे भाटाची वही.

आमच्या समाजाचे भाट असत. तीन-चार वर्षांनी एकदा, दिवाळी उलटली की आमचा भाट सुरतेकडून रेल्वेने नंदुरबारला उतरायचा आणि बैलगाडीने गावोगाव फिरायचा. त्याच्याजवळ लाल कापडात गुंडाळलेली हातभर लांब वही असे. तिच्यात प्रत्येक घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची नावं. तो आला की खापरावरचे मांडे व्हायचे, भाऊबंद ओसरीवर जमायचे आणि भाट एकेक नाव चालीवर वाचायचा. मग मागच्या खेपेनंतर जन्मलेल्यांची नावं चढवायची. त्याची बोली मारवाडी, गुजराती आणि अहिराणी यांची खिचडी होती. मला ती जशीच्या तशी लिहिता येणार नाही, म्हणून सरळ करून लिहिते आहे.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी ती वही पहिल्यांदा पाहिली, तीही दाराच्या फटीतून. पदर कपाळाखाली, त्यामुळे वाचणाऱ्याचं तोंड दिसत नव्हतं. वहीचं पान मात्र छान दिसत होतं. पाहते तर सगळ्या ओळी वेडगळासारख्या वेगवेगळ्या जागी सुरू झालेल्या. एक अगदी काठाला, दुसरी थोडी आत, तिसरी आणखी आत, मग एकदम एक बाहेर. आमच्या बाईंनी हे पान पाहिलं असतं तर भाटाला अंगठे धरून उभं केलं असतं.

नंतर सासूबाईंनी समजावलं. पानाला उभ्या घड्या पाडलेल्या असतात. घराण्याचा मूळपुरुष काठाला. त्याचे मुलगे एक घडी आत. त्यांचे मुलगे दोन घड्या आत. नातू-पणतू तसेच सरकत सरकत पानाच्या पोटात. कोण कोणाचा, हे शब्दांत लिहायची गरजच नाही. डावीकडे किती जागा कोरी सोडली आहे ते पाहिलं की बाप कोण, भाऊ कोण, सगळं कळतं. शाई थोडी लागते आणि भांडणही होत नाही, असं त्या म्हणाल्या. शाईचं खरं होतं.

भांडण त्या दिवशी मी ऐकलंच. भाट वाचत वाचत आमच्या पानावर आला. हे पान आबांच्या वडिलांपासूनच सुरू होत होतं, म्हणून काठाला ते. त्यांच्याखाली एक घडी आत आबा. आणि आबांच्या खाली, दोन घड्या आत, काका. म्हणजे वहीप्रमाणे काका हे आबांचे थोरले चिरंजीव. भाटाने चालीवर "अमक्याच्या पोटी अमका" असं म्हटल्याबरोबर काका उठून उभे राहिले.

"मी आबाना भाऊ शे, पोऱ्या नही! कितला सालपाईन सांगी ऱ्हायनू!"

आबांनी शांतपणे तंबाखूची चिमूट ओठाआड ठेवली. "बापसंगे आसं बोलतस का रे?" ते म्हणाले, आणि ओसरीवरचे भाऊबंद जे हसत सुटले ते मांडे थंड होईपर्यंत.

स्वयंपाकघरात सासूबाईंचा जळफळाट वेगळाच होता. वहीत त्यांचं नाव आबांच्या ओळीत, माहेरच्या गावासकट लिहिलेलं, लग्नाच्या सालासकट. त्या हिशेबाने लग्न झालं त्याच वर्षी त्यांना चार महिन्यांचा मुलगा होता. "मन्हा लगीनमां मन्हा कडेवर पोऱ्या व्हता का?" असं त्या चुलीला विचारत होत्या. भाऊबंदांतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि मीही हसत होते, कारण नव्या सुनेला सासूवर हसायची संधी वर्षातून एकदाच येते.

काकांचं म्हणणं साधं होतं. घडी चुकली आहे, नाव खोडा आणि एक घडी बाहेर लिहा. भाट कानाला हात लावायचा. वहीतलं नाव खोडणं म्हणजे माणूस खोडणं, त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नाही. जुनी वही जीर्ण झाली आणि नवी उतरवायला घेतली तरच चूक सुधारता येईल. नवी कधी उतरवणार? देवाच्या मनात येईल तेव्हा. मग काका भाटाला आंधळा म्हणायचे, घडी मोजता न येणारा म्हणायचे, आणि भाट खाली मान घालून ऐकून घ्यायचा. आबा वर तेल ओतायचे, "भाटले घडी मोजता येत नही, मी काय करू?" दर खेपेला हेच. गावाला तो तमाशा इतका पाठ होता की भाटाची गाडी दिसली की पोरं "काका पोऱ्या व्हयनात" म्हणत आमच्या दारापर्यंत पळत यायची.

पुढच्या खेपेला माझ्या मांडीवर मुलगी होती. तिचं नाव चढणार नाही हे मला माहीत होतं, तरी मी आतून विचारलंच. भाट म्हणाला, मुली सासरच्या वहीत येतात. मी म्हटलं, तिथेही नवऱ्याच्या ओळीला शेपटीसारख्याच ना? तेवढ्यात काकांनी विचारलं, "तुले वाचता येस ना?" ते खांबाकडे तोंड करून बोलत होते, कारण माझ्याकडे तोंड करून बोलणं रीतीत बसत नव्हतं. "सांग मंग त्याले, मी कोठे शे आन् कोठे पाहिजे!"

त्या दिवसापासून मी काकांची वकील झाले. सात इयत्ता शिकलेली सून घरात आहे याचा त्यांना पहिल्यांदाच काही उपयोग दिसला. भाट गेल्यावर एका दुपारी मी मागच्या अंगणात मिरच्यांचे देठ काढत होते. काका गोठ्याच्या खांबाशी आले आणि खांबालाच सांगू लागले. लोक हसतात त्याचं काही नाही, म्हणाले. आबा चिडवतात त्याचंही नाही.

"बापले मी दखेल नही," ते म्हणाले. "वहीमां तरी त्याना जोडे बठू दे."

बापाला पाहिलं नाही, वहीत तरी त्याच्या शेजारी बसू दे, एवढंच. मग गुरांना काहीतरी शिवी देऊन निघून गेले. मी मिरचीच्या हाताने डोळे पुसले आणि पुढचा तासभर खरंच रडत बसले. आम्ही सगळे ज्याच्यावर हसत होतो ती त्यांची केवढी मोठी गोष्ट होती हे मला त्या दिवशी कळलं. वडिलांचा फोटो नव्हता, कुणाजवळ सांगण्यासारखी आठवण नव्हती. आपण त्या माणसाचे आहोत हे लिहून ठेवणारं जगात एकच पान होतं, आणि त्यावर त्यांना एक घडी लांब बसवलेलं होतं. माझी मला लाज वाटली. तरी त्यानंतरही मी हसले नाही असं नाही. ते चिडायचेच तसे.

माझा मुलगा झाला तेव्हा नाव चढवायची रीत मी नीट पाहिली. बाप पोराला मांडीवर घेऊन वहीसमोर बसतो. भाट पानाला कुंकू लावतो, पोराच्या जिभेला गूळ लावतो, आणि ज्याच्या मांडीवर पोर त्याच्या खाली, एक घडी आत, नाव लिहितो. बाप हयात नसेल तर पाट मांडायचा, पाटावर बापाचं पागोटं ठेवायचं आणि पोराला पागोट्याशेजारी बसवायचं. मग नाव मेलेल्या बापाखाली पडतं. काकांना तसंच पाटावर बसवलं होतं, असं आबा नेहमी सांगायचे. मग भाटानेच घडी मोजण्यात घोळ केला असणार, हे उघड होतं. सगळ्यांना उघड होतं.

त्यानंतर चार वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात आबा गेले. दोन दिवस ताप आला आणि गेले. काकांनी सगळं उभं राहून केलं. अग्नी माझ्या यजमानांनी दिला. काका कुणावर ओरडले नाहीत, आणि तेच घरात सगळ्यांना जड गेलं. सकाळी उठून कुणाला शिव्या ऐकू येईनात. ओसरीवर आबांची तंबाखूची चंची खुंटीला होती, ती काढायला कुणाचा हात धजेना.

त्याच वर्षी दिवाळीनंतर भाट आला. म्हातारा झाला होता, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. जुन्या वहीच्या कडा कसरीने खाल्ल्या होत्या. म्हणाला, हा माझा शेवटचा फेरा, जाण्याआधी नवी वही उतरवून ठेवायची आहे. आमच्या घराण्याची पानं आमच्याच ओसरीवर उतरवतो. हाताला लिहिणं पाठ आहे, पण जुनं पान वाचून सांगायला माणूस हवा.

गावात वाचता येणारे पुरुष होते. पण कापसाचे दिवस, सगळे शेतात. म्हणून भाटाने बराच वेळ दाढी खाजवून मला परवानगी दिली. बाईने वहीत लिहायचं नाही. वाचलं तर चालेल, आणि कोऱ्या पानाला घड्या पाडल्या तर चालेल. लिहिणं पुरुषाचं, घडी घालणं बाईचं, असं तो म्हणाला. मी म्हटलं, धोतराचीही आम्हीच घालतो. त्यावर तो हसला, आणि आमचं जमलं.

घड्या मी चमच्याच्या पाठीने दाबून अशा पाडल्या की त्याला अंगठ्याला लागाव्यात. त्याला दिसत नव्हतं, म्हणून तो डावा अंगठा काठावरून आत सरकवायचा, घडीचा उंचवटा लागला की एक, पुन्हा लागला की दोन, आणि तिथून बोरू टेकवायचा. मी जुन्या वहीतून नाव वाचायची आणि किती घड्या ते सांगायची. "काठाला." "एक." "दोन." "दोन." "तीन." मी जे सांगेन ते माणसाचं नातं. तीन दिवस मी सबंध घराण्याचे बाप ठरवत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

तिसऱ्या दिवशी आमचं पान आलं. काका सकाळपासून धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसले होते. शेतात गेले नाहीत, कापूस वेचायला आलेल्या बायका बांधावर खोळंबल्या तरी गेले नाहीत. सासूबाई उंबऱ्यात बसल्या.

मी वाचलं. आबांचे वडील, काठाला. भाटाने लिहिलं. आबा, एक घडी. लिहिलं. मग काकांचं नाव वाचलं. जुन्या पानावर ते दोन घड्या आत होतं. मी आवाज मोठा करून म्हटलं, "एक घडी."

भाटाचा अंगठा पहिल्या घडीवर थांबला. बोरू टेकेना. मला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं, "एक." त्याने बोरू दौतीत ठेवला.

"लिहितो," तो म्हणाला. "घरची माणसं सांगतील तसं लिहितो. पण आधी माझं एक ऐका. चाळीस वर्षं या घरात मला घडी मोजता येत नाही म्हणून ऐकून घेतलं. माझ्या हातून वहीत आजवर एक घडी चुकलेली नाही."

काका भडकतील म्हणून मी पदर सावरून मागे सरले. ते भडकले नाहीत. भाटाने पुढे सांगितलं. काकांचं नाव चढवायला तो आला तेव्हा घरातली दोन माणसं जाऊन महिनाही झाला नव्हता. रीतीप्रमाणे पाट मांडला, पाटावर पागोटं ठेवलं, पोराला शेजारी बसवलं. पोर रडू लागलं. धरून बसवलं तरी पागोट्यापासून अंग मागे टाके, टाहो फोडे. ओसरीवरचे जाणते म्हणाले, रडू दे, दोन क्षणांचं काम आहे, गूळ लावा आणि नाव लिहा. आबा एकोणीस वर्षांचे. त्यांना ते पाहवेना. त्यांनी पाटावरून पोराला उचललं आणि आपल्या मांडीवर घेतलं. पोर गप्प झालं.

"मी विचारलं, आता कुणाखाली लिहू? पोर ज्याच्या मांडीवर, नाव त्याच्या खाली, मला दुसरा नियम नाही. जाणत्यांनी पुन्हा सांगितलं, पाटावर ठेव. आबांनी ठेवलं नाही. म्हणाले, लिही."

"मंग मले पाटवर बठाडेल व्हतं, आसं का सांगे तो?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

भाट म्हणाला, तुम्ही मोठे होऊन पहिल्यांदा भांडलात त्या खेपेला आबा मला गाडीपर्यंत सोडायला आले होते. म्हणाले, त्याला सांगू नका. बापाच्या शेजारी बसायला तो रडला हे कळलं तर त्याला वाईट वाटेल. चूक तुमची म्हणू द्या, माझी चेष्टा चालू द्या. मी जिवंत आहे तोवर बोलू नका. "आता ते नाहीत," भाट म्हणाला, "आणि ही नवी वही आहे. हिच्यातली घडी पुढची शंभर वर्षं बदलणार नाही. म्हणून बोललो."

सासूबाई उंबऱ्यात डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. त्यांना ठाऊक होतं का, हे मी नंतर विचारलं. त्यांनी उलट दुधाकडे लक्ष नाही म्हणून मलाच झापलं.

काका कितीतरी वेळ त्या कोऱ्या जागेकडे पाहत होते. त्यांना वाचता येत नव्हतं. पण कुठली जागा कुणाची हे त्यांच्याइतकं गावात कुणाला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं ज्या घडीसाठी भांडले ती आता एका शब्दावर त्यांची होती. माझ्या मनात आलं, घ्या ना, तुमच्या हक्काची आहे, आबा काही रागावणार नाहीत. भाटाने बोरू पुन्हा हातात घेतला आणि अंगठा पहिल्या घडीवर ठेवला. मी विचारलं, "काका, किती सांगू?"

ते पहिल्यांदाच खांबाकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले.

"दोन," ते म्हणाले. "ज्यानी मांडीवर बठनू, त्यानाच खाले लिख."

भाटाचा अंगठा एक घडी आत सरकला आणि त्याने नाव लिहिलं. मी पुढचं नाव वाचलं, माझ्या यजमानांचं, तेही दोन. संध्याकाळपर्यंत पान पुरं झालं आणि भाट मांडे खाऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कुणाला न सांगता प्रकाशा या तीर्थक्षेत्री गेले आणि तापीत अंघोळ करून दुपारी परत आले. मिशी उतरवलेली होती. आमच्याकडे भाऊ गेला तर मिशीला हात लावत नाहीत, बाप गेला तरच काढतात. आबांना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.